तिसरं मुसळ

उखळ एक, मुसळं तीन.

बैलाचा खांदा निखळला तर त्याला आडवा पाडतात. चौघं अंगावर बसतात, पाचवा पाय ओढतो. बैल वाचला तर चालतो.

वाळलेली मिरची मुठीत दाबली की वाजली पाहिजे. वाजली नाही तर परत उन्हात.

एक्स-रेत कोपराच्या टोकाशी तारेचा आठ दिसत होता. पहिलीतल्या पोरीनं पाटीवर काढावा तसा, जरा कललेला.

कचऱ्याच्या ढिगावरून वारा सुटला की कांजूर गावठाणातल्या बाया वाळवण झाकतात.

"मी तिच्या कोपरावर गेले न्हाई. तीच माह्या मुसळाखाली आली."

*

हे सगळं एका बाईच्या डाव्या हाताचं आहे. चंपा तिचं नाव.

घाटकोपरच्या टेकडीवर तिचं घर. वस्तीत निम्मी घरं जालन्याकडची. गाव सुटून दोन पिढ्या झाल्या, पोरं मुंबईचं बोलायला लागली, पण भांडण लागलं की ज्याच्या त्याच्या तोंडातून गावच बाहेर पडायचं. चंपा भांडणाशिवायही गावचंच बोलायची. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत तिचं काम एकच, मसाला कांडायचं. कांजूर गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरतात. विजेच्या डंकावर नेला तर मिरची तापते, रंग करपतो, असं तिथल्या म्हाताऱ्या बायांचं म्हणणं. त्यांना हातानं कांडलेलाच लागतो. आणि हातानं कांडणाऱ्या बाया आता शोधून मिळत नाहीत.

एका उखळाभोवती तिघी उभ्या राहतात. एकीचं मुसळ खाली आपटतं तेव्हा दुसरीचं वर निघालेलं असतं आणि तिसरीचं डोक्यावर असतं. मसाला कडेला चढत जातो. तो मधे लोटायला तिघींतली थोरली उजव्या हातानं मुसळ चालवता चालवता डावा हात उखळात घालते, दोन घावांच्या फटीत फिरवते आणि काढून घेते. मुसळं थांबत नाहीत. हात घालणारीचा मान मोठा, कारण ती आपला हात बाकी दोघींच्या हवाली करते. चंपा तिघींतली थोरली होती. दुसरी तिची धाकटी जाऊ गोकर्णा. तिसरी चंपाची लेक संघमित्रा.

कांडताना साधं बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. बोलायचं ते तालावर, ओवीत. ओवीत एकमेकींना टोचायचं, आया-बहिणी काढायच्या, सासरमाहेर धुवून काढायचं आणि राग मानायचा नाही. उखळावरचं उखळावर. उन्हात, मिरचीच्या धुराळ्यात, डोळे-नाक वाहत असताना दिवस ढकलायला तेवढंच साधन.

पण त्या दिवशी चंपानं हद्द ओलांडली. गोकर्णाचा नवरा माणिक दोन वर्षांपूर्वी विक्रोळीजवळ रुळावर गेला होता. चुकून गेला की ठरवून गेला ते कुणाला कळलं नाही, आणि टेकडीवर तो विषय कुणी काढत नसे. चंपानं तो ओवीत काढला.

दिरानं माह्या केली बाई निवड सोयीची
रुळाची उशी बरी, नको कूस बायकोची

चंपानं आपल्याच ओवीवर हसत डावा हात उखळात घातला. गोकर्णाचं मुसळ खाली आलं.

आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. लाल मिरचीत लाल रक्त दिसलं नाही, नुसतं ओलं दिसलं. चंपा ओरडली नाही. ती उखळाच्या कडेवर हनुवटी टेकून खाली बसली आणि कोपराचं टोक हाताच्या मागच्या बाजूला भलतीकडंच सरकलेलं पाहत राहिली. जखमेत मिरची गेली तेव्हा मात्र तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून, जिच्या अंगणात त्या कांडत होत्या ती फिलूबाय छातीवर क्रूस करत आत पळाली.

*

महापालिकेच्या दवाखान्यात कोपर उघडलं, तुकडे जुळवले, तारेनं बांधले, शिवलं. हात झोळीत घालून चंपा टेकडीवर आली. वस्तीनं दोन्ही जावांना बुद्धविहाराच्या पायरीवर समोरासमोर बसवलं. गोकर्णानं तिथं ते एकच वाक्य बोलून दाखवलं, मुसळाखाली आल्याचं, आणि पदर झाडून उठली. कुणीतरी म्हणालं, उखळात डोकं घातल्यावर मुसळाची भीती कशाला. लोक हसले. चंपाही हसली, आणि हसता हसता तिनं मनाशी ठरवलं की गोकर्णाचं कोपर त्याच उखळावर, त्याच जागी, आपल्या हातानं फोडायचं. तोवर मरायचं नाही.

तिचं पुढचं वर्ष ह्या एका गोष्टीवर निघालं.

पण हात त्यासाठी आधी हात व्हायला पाहिजे होता. झोळीतला हात चंपानं आजारी कोंबडीसारखा पोटाशी धरून ठेवला. हलवायचा म्हटलं की कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्यांची रांग निघायची. म्हणून तिनं हलवला नाही, खांद्यासकट हलवला नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. कोपर दुखत होतंच, आता खांदा धरला. वेणी घालता येईना. पोलक्याची गुंडी संघमित्रा लावून द्यायची. कुशीवर वळलं की खांद्यात कुणी पहार घालून उचकटतंय असं वाटायचं. टेकडीवरच्या पातळ भिंतींतून तिचं कण्हणं पाच घरं ओलांडून जायचं, आणि पाचवं घर गोकर्णाचं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी एका ट्रस्टच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी रेवती बसायची. बोलायला कडक, हाताला हलकी. तिनं पहिल्याच दिवशी झोळी काढून टेबलावर टाकली.

"मावशी, ही तुम्हाला हात टेकायला दिली होती, पुरायला नाही. खांदा हलवला नाहीत तर तो गोठणार. आणि नीट ऐका, कोपराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तेल नाही, चोळणं नाही, ओढणं तर अजिबात नाही. कोपर रागीट असतं. जेवढं वाकेल, जेवढं सरळ होईल, तेवढं तुमचं तुम्हीच करायचं."

"रागीट तं मी बी हाय," चंपा म्हणाली.

"मग जमेल तुमचं."

रेवतीनं दाखवलं ते असं. टेबलाला उजवा हात टेकून वाकायचं, डावा हात दोरीला लोंबत्या बादलीसारखा सोडायचा आणि अंगाच्या झोक्यानं हलू द्यायचा. मग भिंतीला बोटं लावून मुंगीसारखी वर वर चालवायची. टेबलावर फडकं ठेवून हात पुढं सरकवायचा, मागं घ्यायचा. झाल्यावर कोपराला बर्फ, खांद्याला शेक. निजताना दंडाखाली उशी.

चंपानं ह्यात आपल्या पदरचं एक घातलं. लोंबता हात झोके घ्यायला लागला की एका झोक्याला एक शिवी. पुढं जाताना गोकर्णाला, मागं येताना गोकर्णाच्या माहेराला. शिव्या संपल्या की व्यायाम संपला. शेजारच्या बाया पाण्याच्या नळावर सांगायच्या की चंपाबाईच्या शिव्या सुरू झाल्या म्हणजे कुकर लावायचा आणि थांबल्या की उतरवायचा. भिंतीवर बोटं चढवताना ती भिंत नव्हती, गोकर्णाची पाठ होती; चंपा मानेपर्यंत चढायची आणि तिथं नखं रोवून उभी राहायची. घाम गळायचा, दातावर दात घासायचे, पण बोटं दर आठवड्याला बोटभर वर जात होती. खांदा हळूहळू सुटला. कोपरही चहाचा कप तोंडाला लागेल इतकं वाकायला लागलं. रेवतीनं विचारलं की एवढं नेमानं कोण करतं, कुणाच्या जिवावर करता. चंपा म्हणाली, जावेच्या.

*

नानांना मात्र हे बघवेना.

नाना म्हणजे चंपाचे सासरे. गावाकडं बैलांचे निखळलेले सांधे बसवायचे. माणसांचेही बसवले होते, पण त्यांत त्यांना तेवढी गोडी नव्हती, कारण माणूस बोलतो. सून रोज भिंतीवर मुंग्या खेळवते आणि हात तसाच वाकडा, हे त्यांना पोरखेळ वाटत होतं. त्यांचा जीव चंपावर होता, म्हणूनच घात झाला. परक्याच्या सुनेला त्यांनी हात लावला नसता.

श्रावणातली दुपार. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्या घरात माणूस मेला तरी कळू नये. चंपाचा नवरा कुंडलिक रात्रपाळीची चौकीदारी करून जागाच बसला होता. नानांनी मोहरीचं तेल तापवलं.

"कुंडल्या, तिला धर."

कुंडलिक बापापुढं कधी बोलला नव्हता. त्यानं मागून चंपाला मिठी घातली, उजवा हात पाठीशी आवळला आणि गुडघा तिच्या मांडीवर रोवला. आधी चंपाला वाटलं नवऱ्याला दुपारची लाडीगोडी सुचलीय. मग नानांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा पाय तिच्या काखेत आला.

"नाना, नगा. डाक्टरीन म्हनली—"

"तिनं बैल पायलाय का?"

आणि नानांनी ओढलं.

पत्र्यावरचा पाऊस चंपाला ऐकू येईनासा झाला. कोपरात काहीतरी ओल्या फांदीसारखं फाटत गेलं. तिनं पाय झाडले. चुलीवरचं तेल लवंडलं, कुंडलिकच्या पावलावर सांडलं, तरी त्यानं सोडलं नाही. बापानं धर म्हटलं होतं. चंपाच्या तोंडापुढं त्याचा पंजा होता. तिनं अंगठ्याखालचा मांसल भाग दातांत पकडला आणि जबडा आवळला. कुंडलिक ओरडला, तरी ती सोडेना. नाना ओढत होते, ती चावत होती, तिघांचं मिळून एकच जनावर झालं होतं आणि ते स्वतःलाच खात होतं. शेवटी कट्‌ असा आवाज झाला. नाना म्हणाले, "बसलं." चंपानं तोंडातलं रक्त त्यांच्या धोतरावर थुंकलं, उजवा हात सोडवून वरवंटा उचलला आणि फेकला. तो नानांच्या नडगीवर बसला. म्हातारा खाली पडला तो तिथंच, तेलात.

बसलं काहीच नव्हतं. दोन दिवसांत कोपर भोपळ्याएवढं झालं, तापलं, लाल झालं. महिन्याभरानं काढलेल्या नव्या एक्स-रेत तारेचा आठ जागेवर होता, पण त्याच्या पुढं, मांसाच्या जागी, ढग उतरल्यासारखं पांढरं दिसत होतं. रेवतीनं फिल्म उजेडाला धरली. मग तिनं विचारलं की कुणी ओढला. चंपानं सांगितलं. रेवती म्हणाली, मांसात हाड धरायला लागलंय. जेवढा ओढाल तेवढं ते आणखी धरेल.

"आता सरळ किती व्हईल?"

"पूर्ण कधीच नाही. खांदा आपण वाचवू. कोपर एवढ्यावर थांबणार, मावशी, थोडं वाकलेलंच राहणार. जेवता येईल, वेणी घालता येईल."

"मुसळ?"

रेवतीनं फिल्म पाकिटात सरकवली.

घरात मग बोलणंच संपलं. कुंडलिक हाताला चिंधी आणि पायाला बर्नोल लावून उंबऱ्यात बसायचा. नाना लंगडत कोपऱ्यात गेले आणि त्यानंतर त्यांनी कुणाच्या पायालासुद्धा तेल लावलं नाही. चंपा दोघांनाही वेळेवर भाकरी वाढायची. ताट ठेवताना आपटायची एवढंच. बर्फ, शेक, उशी, भिंत. पुन्हा पहिल्यापासून. फक्त शिव्यांची वाटणी बदलली. पुढं जाताना गोकर्णा, मागं येताना नाना.

*

होळी झाली. एका सकाळी संघमित्रा मुसळ खांद्यावर घेऊन निघाली तेव्हा चंपानं विचारलं, कुणासंगं.

"काकीसंगं."

चंपा उठली आणि उजव्या हातानं लेकीच्या कानाखाली दिली. संघमित्रा हलली नाही. गालावर बोटं उमटली तशीच उभी राहिली.

"आई, मिरची थांबत न्हाई. तुह्या हातासाठी गावठाण वर्षभर बिगरमसाल्याचं जेवनार हाय का? आन् काकीनं तुही जागा घेतली न्हाई. तिसरी बाई रोज वेगळी आणतोय आम्ही. आज तं कोनीच न्हाई."

"उखळात हात कोन घालतं?"

"काकी."

चंपानं कोनाड्यातलं आपलं मुसळ काढलं. खालचं लोखंडी कडं गंजलं होतं, ते तिनं उंबऱ्यावर घासलं.

"चल. तिसरी मी."

फिलूबायच्या अंगणात मिरच्या चटयांवर पसरल्या होत्या, वाजत होत्या. धणे भाजून झाले होते, हळद फोडून ठेवली होती. फिलूबायनं चंपाला बघून विचारलं, "काय गो, हात कसा हाय तुजा?" चंपा म्हणाली, हाय तसा. गोकर्णा उखळ पुसत होती. विहाराच्या पायरीनंतर दोघी एकमेकींपुढं पहिल्यांदा उभ्या राहिल्या होत्या. गोकर्णानं चंपाच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही, हाताकडं पाहिलं.

"वरपस्तोर जातो का?"

"जातो."

खरंच जात होता. भिंतीवर नखं रोवून रोवून खांदा तिनं परत मिळवला होता. कोपर किती सरळ होतं हे गोकर्णानं विचारलं नाही, आणि चंपानं सांगितलं नाही.

सुरुवात संघमित्रानं केली. मग गोकर्णा, मग चंपा. पहिले काही घाव सगळे वाकडे. डाव्या हाताची फक्त सोबत घेऊन उजव्या हातानं मुसळ फेकायचं, हे चंपाला हळूहळू जमत गेलं. ताल बसला. मिरची फुटली, धुराळा उठला, तिघींची नाकं वाहायला लागली. खांद्यात आधी ऊब आली, मग आग, मग कुणीतरी आत तिढा घालून पिळतंय असं वाटू लागलं. चंपानं तो पिळू दिला. ओवी कुणीच म्हटली नाही. नुसती मुसळं बोलत होती.

मसाला कडेला चढला. गोकर्णानं पदर खोचला आणि डावा हात उखळात घातला.

चंपाचं मुसळ डोक्यावर होतं. समोर, उखळाच्या पलीकडच्या कडेला, गोकर्णाचं कोपर वर आलेलं होतं. सावळं, सुरकुतलेलं, टोकाला मिरचीनं लाल. चंपानं वर्षभर तेच पाहिलं होतं, भिंतीवर, उशीत, बर्फाच्या पिशवीखाली. तिनं ताल सोडला. मुसळ पुढं झोकून दिलं आणि सगळं अंग त्याच्यामागं टाकलं.

डावं कोपर मधेच थांबलं. नानांनी ओढून जिथं हाड धरायला लावलं होतं, तिथं ते दारात आडवी खाट अडकावी तसं अडकलं. मुसळ चार बोटं अलीकडं पडलं. लोखंडी कडं दगडी काठावर बसलं, ठिणगी उडाली, काठाचा कपचा उडून फिलूबायच्या कुंडीवर गेला. हिसका मुसळातून मनगटात, मनगटातून खांद्यात गेला आणि चंपाच्या डोळ्यांपुढं दुपारचं ऊन काळं झालं.

संघमित्राचं मुसळ वरच राहिलं. तिनं सगळं पाहिलं होतं, आणि दारातून फिलूबायनंही.

गोकर्णानं हात बाहेर काढला नाही. तिनं मान वर केली. मिरचीनं तिचे डोळे मघाशीच भरून आले होते.

"हुकलं," ती म्हणाली. "पुन्हा मार."

चंपाला धाप लागली होती. तिनं पाऊल अर्धं पुढं सरकवलं. तिथून मुसळ पोचत होतं. हे तिला कळत होतं, लेकीला कळत होतं, आणि गोकर्णानंही पायाकडं पाहून हात तसाच ठेवला होता. चंपानं मुसळ उचललं. खांदा फाटेल असं वाटलं, तरी डोक्याच्या वर नेलं. धरून ठेवलं.

मग तिनं आपटलं. मिरचीवर. हाताच्या शेजारी बोटभर अंतरावर.

"फिरव की," ती गोकर्णाला म्हणाली. "कडंला चिकटलंय."

गोकर्णानं हात फिरवला आणि काढून घेतला. संघमित्राचं मुसळ खाली आलं.

दिवस कलेपर्यंत त्या कांडत होत्या. मधे एकदा चंपाचा खांदा इतका धरला की मुसळ उचलेना, तेव्हा फिलूबायनं फ्रीजमधली गोठलेल्या बोंबलांची पिशवी आणून तिच्या खांद्यावर बांधली, आणि वास येतो म्हणून चंपानं तिच्यावरही तोंड सोडलं. सगळा मसाला चाळून झाल्यावर, फिलूबाय बाटल्यांत दांड्यानं ठासत असताना, गोकर्णा ओट्यावर बसून हाताला खोबरेल चोळत होती. तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत जळत होता. चंपा शेजारी बसली, पण टेकली नाही. उद्या कुणाकडं जायचं ते संघमित्रानं विचारलं तेव्हा दोघींनी एकाच घराचं नाव घेतलं.

ज्या मुसळानं चंपाचं कोपर फुटलं, ते गोकर्णानं गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातलं होतं.